जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये कोणतं तेल घालायचं?

जुनी गाडी घरी आली की माणूस आधी कार्ब्युरेटर उघडतो, मग पॉइंट घासतो, मग क्रोम चमकवत बसतो. पुढच्या फोर्कमधल्या, म्हणजे शॉकअपमधल्या तेलाची आठवण येते ती सील फुटून बॉटम केसवर, म्हणजे फोर्कच्या खालच्या नळीवर काळे ओघळ उतरल्यावर. ड्रेन स्क्रू काढला की राखाडी, चिखलासारखं आणि नाक मुरडायला लावणारं काहीतरी बाहेर येतं. ते टाकून द्यायचं एवढं सगळ्यांना कळतं. अडतं ते पुढे: डब्यांवर ५, १०, १५, २० असे आकडे असतात आणि प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

मी स्वतः पहिल्यांदा सगळ्यात जाड तेल घेतलं होतं. ब्रेक लावला की गाडी पुढे डोकं टेकवायची, म्हणून वाटलं की जाड तेल तिला धरून ठेवेल. झालं असं की ब्रेकला गाडी पूर्वीइतकीच बसायची, फक्त जरा सावकाश. आणि रस्त्यावरचा प्रत्येक सांधा सरळ मनगटात जाणवायला लागला. दोष स्प्रिंगचा होता आणि औषध मी तेलाला देत होतो. हीच चूक नव्या माणसांकडून सगळ्यात जास्त होते, म्हणून सुरुवात तिथूनच.

तेल वजन उचलत नाही

गाडीचं आणि तुमचं वजन पेलते ती स्प्रिंग. तेलाचं काम वेगळं आहे: स्प्रिंग दबताना आणि उलगडताना तिचा वेग आवरणं. तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, त्याला विरोध होतो आणि फोर्कची हालचाल मंदावते. गाडी उभी असेल तर तेल काहीच करत नाही. म्हणजे उभ्या गाडीवर बसल्यावर पुढचं तोंड फार खाली जात असेल, तर जगातलं कुठलंही तेल ते वर उचलणार नाही.

बहुतेक जुन्या गाड्यांत डॅम्पर रॉडचा फोर्क असतो. आत एक पोकळ दांडी, तिला ठरावीक मापाची भोकं, झडपा जवळपास नाहीतच. या रचनेचा स्वभाव समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच चालतं. भोकाचं माप बदलत नाही, त्यामुळे फोर्कचा वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. हळू हालचालीत, म्हणजे ब्रेक लावताना किंवा वळणात झुकताना, फोर्क ढिला वाटतो. आणि खड्ड्याच्या तीक्ष्ण कडेवर तोच फोर्क दगडासारखा होतो. तेल जाड केलं की दोन्हीकडचा विरोध वाढतो, पातळ केलं की दोन्हीकडचा कमी होतो. एक वाढवून दुसरा कमी करायची सोय या फोर्कमध्ये नाही. त्यामुळे आदर्श तेल शोधत बसू नका. तुमच्या रस्त्यांना आणि वेगाला सोसेल अशी तडजोड शोधा.

नंतरच्या काळातल्या कार्ट्रिज फोर्कमध्ये पातळ पत्र्याच्या चकत्यांच्या झडपा असतात. तिथे ही जुळवणी चकत्या करतात आणि तेल सहसा पातळच लागतं. तुमच्या गाडीत कार्ट्रिज असेल तर कंपनीने सांगितलेल्या तेलापासून फार लांब जाऊ नका.

पहिली पायरी: फोर्क कोणता आहे ते बघा

हे वाचून हसू येईल, पण प्रत्येक जुन्या फोर्कला तेल लागतंच असं नाही. तेलाने हालचाल आवरणारा टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर आणला. त्याआधीच्या आणि त्यानंतरही बरीच वर्षं चाललेल्या गर्डर फोर्कमध्ये घर्षणाच्या चकत्या असतात. तिथे ग्रीसची गन चालवायची, तेल ओतायला जागाच नाही. बीएसए बँटमचं १९४८चं डी१ मॉडेल दिसायला टेलिस्कोपिक आहे, पण त्याच्या फोर्कमध्ये तेलाचं डॅम्पिंग, म्हणजे हालचाल आवरणं नाही, ग्रीस आहे. बीएमडब्ल्यूच्या अर्ल्स फोर्कमध्ये दोन स्वतंत्र शॉक असतात, तिथेही हा लेख लागू होत नाही.

तेलाचा फोर्क असेल तर तीन गोष्टी मॅन्युअलमधून टिपून घ्या: कोणतं तेल सांगितलंय, फोर्कच्या डाव्या-उजव्या प्रत्येक पायात किती आणि स्प्रिंगची मोकळी लांबी किती. मॅन्युअल तुमच्याच वर्षाच्या मॉडेलचं हवं. एकाच नावाच्या गाडीचा फोर्क दोन-तीन वर्षांत आतून बदललेला असतो आणि तेलाचं मापही.

दुसरी पायरी: आधी स्प्रिंग, मग तेल

पुढचं चाक जमिनीवरून उचला, म्हणजे फोर्क पूर्ण उघडेल. सीलपासून वरच्या योकपर्यंत, म्हणजे दोन्ही पाय धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्टीपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली घ्या, नेहमीच्या कपड्यांत आणि हेल्मेटसह गाडीवर बसा, आणि दुसऱ्या कुणाला तरी तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन मापांमधला फरक म्हणजे बैठक. रस्त्यावरच्या गाडीला ती एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावी: १२० मिलिमीटर हालचाल असेल तर ३० ते ४० मिलिमीटर. ५५-६० निघाली तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुमच्या वजनाला कमी पडते आहे. स्प्रिंग बाहेर काढाल तेव्हा तिची लांबी मॅन्युअलशी ताडून बघा. खालच्या मर्यादेपेक्षा आखूड असेल तर बदला. थोडी कसर असेल तर वर स्पेसर घालूनही भागतं.

वजनदार चालकाला कडक स्प्रिंग लागते. कडक स्प्रिंग उलगडताना जोरात उसळते, म्हणून तिला थोडं जाड तेल लागतं. हा क्रम उलटा करू नका.

आणखी एक चोर आहे. वाकलेला फोर्क पाइप किंवा तिरका आवळलेला अॅक्सल. फोर्क घासत, अडखळत चालतो आणि माणसाला वाटतं तेल जाड झालं. अॅक्सल बसवताना चिमट्याचे बोल्ट ढिले ठेवून फोर्क चार-पाच वेळा दाबा, दोन्ही पाय आपापल्या जागी येऊ द्या, मगच ते आवळा. अर्ध्या ‘कडक शॉकअप’च्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे.

तिसरी पायरी: डब्यावरचा कोणता आकडा वाचायचा

इंजिन ऑइलवर एसएई २० लिहिलं असेल तर त्याला अर्थ असतो. १०० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता, म्हणजे जाडपणा, ठरावीक पट्ट्यात असावी लागते, ती तपासता येते. फोर्क ऑइलच्या डब्यावरचं ‘१० डब्ल्यू’ मात्र कुठल्याही बंधनात नाही. ते कंपनीचं स्वतःचं नाव आहे, कपड्यांवरच्या ‘मीडियम’सारखं. एका कंपनीचं मीडियम तुम्हाला सैल होतं, दुसरीचं गळ्यातून जात नाही. एकीचं ‘५ डब्ल्यू’ १५ सेंटिस्टोकच्या (हे जाडपणा मोजायचं एकक) आसपास असतं, दुसरीचं २५च्या पुढे. म्हणजे डब्यावर नंबर तोच, आणि तेल दीडपटीहून जाड. कंपनी बदलताना नंबर कायम ठेवून ‘तेच तेल घातलं’ असं समजणारा माणूस इथे फसतो.

वाचायचा आकडा एकच: ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक. डब्यावर तो ‘सीएसटी’ असा छापलेला असतो. डब्यावर नसेल तर कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात असतो. माहितीपत्रकातही नसेल तर मी ते तेल घेत नाही. १०० अंशांचा आकडाही शेजारी दिलेला असतो, पण फोर्क काही इंजिनसारखा तापत नाही, हवेपेक्षा थोडासाच गरम होतो. म्हणून आपल्या कामाचा ४० अंशांचा.

पूर्ण ढोबळ नकाशा असा. १५ ते २० सेंटिस्टोक: पातळ, मुख्यतः कार्ट्रिज फोर्कसाठी किंवा अगदी हलक्या गाडीसाठी. ३०-३५: मध्यम, डॅम्पर रॉडच्या बऱ्याच गाड्यांना इथून सुरुवात करता येते. ४५ च्या आसपास: त्याहून एक पायरी जाड, वजनदार गाडी किंवा कडक स्प्रिंगसाठी. ६५-७०: जुन्या ब्रिटिश गाड्या, ज्यांची भोकं मुळात जाड तेलासाठीच पाडलेली आहेत. हायड्रॉलिक तेलावर असलेला आयएसओ व्हीजी ३२, ४६, ६८ हा आकडा म्हणजे ४० अंशांचे सेंटिस्टोकच, दहा टक्के इकडेतिकडे. तुलनेसाठी तो फार सोयीचा पडतो.

दुसरा आकडा श्यानता निर्देशांकाचा, डब्यावर ‘व्हीआय’. तापमान बदललं की तेल किती पालटतं ते यावरून कळतं. आकडा जितका मोठा तितका बदल कमी. साधं तेल १००च्या जवळ असतं, चांगली फोर्क ऑइल त्याच्या बरीच वर जातात. गारठ्यात सकाळी गाडी काढल्यावर पहिले काही किलोमीटर पुढचं चाक लाकडी वाटत असेल आणि नंतर सुधारत असेल, तर जास्त निर्देशांकाचं तेल घेण्यात अर्थ आहे. एरवी त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही.

जुन्या मॅन्युअलची भाषा

साठ-सत्तरच्या दशकातली पुस्तकं वेगळीच तेलं सांगतात. ब्रिटिश पुस्तकांत सरळ इंजिन ऑइल असतं: एसएई २०, काही ठिकाणी ३०. नॉर्टन कमांडोच्या पुस्तकात एसएई २० आहे, प्रत्येक पायात १५० सीसी. एसएई २० म्हणजे ४० अंशांना सुमारे ५० ते ६८ सेंटिस्टोक. त्या पट्ट्यातलं आजचं फोर्क ऑइल घेतलं की झालं. एसएई ३० म्हणजे १०० सेंटिस्टोकच्या आसपास. तेवढं जाड फोर्क ऑइल सहसा मिळत नाही आणि बहुतेकदा लागतही नाही. ६८वाल्याने सुरुवात करा.

सत्तरच्या दशकातल्या होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये एटीएफ सांगितलंय, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल. त्या काळच्या डेक्सरॉन जातीचं एटीएफ ४० अंशांना साधारण ३५ सेंटिस्टोक भरतं. म्हणजे मध्यम फोर्क ऑइल त्याच्या जागी चालतं, आणि एटीएफ मिळत असेल तर तेही चालतं. सावधगिरी एकच: आजच्या गाड्यांसाठी निघालेली काही एटीएफ मुद्दाम खूप पातळ केलेली असतात. पुन्हा तेच, सेंटिस्टोक बघा.

मग इंजिन ऑइलच का घालू नये? घातल्याने फोर्क बिघडत नाही, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी घातलंय. पण इंजिन ऑइलमधली घाण विरघळवणारी रसायनं फोर्कमध्ये निरुपयोगी आहेत, तर फोर्क ऑइलमध्ये फेस न होऊ देणारी आणि घर्षण कमी करणारी रसायनं त्याच कामासाठी घातलेली असतात. फेस झाला की छिद्रातून तेलाऐवजी बुडबुडे जातात आणि डॅम्पिंग गायब होतं. ब्रेक ऑइल मात्र फोर्कमध्ये कधीही नको. रबर फुगवून सील वाया घालवतं.

मधलं तेल हवं असेल तर

एक पातळ वाटतं, दुसरं जाड, अशी वेळ येतेच. एकाच कंपनीची, एकाच मालिकेतली दोन तेलं मिसळायला हरकत नाही. हिशोब मात्र सरासरीने होत नाही. १६ आणि ६४ सेंटिस्टोकची तेलं निम्मी-निम्मी मिसळली तर ४० येणार नाहीत, ३०च्या आसपास येतील. पातळ तेल मिश्रणाला आपल्याकडे ओढतं. दोन पायांसाठी दोन वेगळी मिश्रणं करू नका. एका भांड्यात सगळं कालवा आणि त्यातूनच दोन्हीकडे ओता. वेगळ्या कंपन्यांची तेलं मी मिसळत नाही, त्यांतली रसायनं एकमेकांशी कशी वागतील सांगता येत नाही.

चौथी पायरी: तेल बदलणं

चाक जमिनीवर असतानाच वरच्या योकचा चिमट्याचा बोल्ट ढिला करा आणि मग पाइपच्या टोपीचा फक्त पहिला आवळ सोडवा. उलट क्रमाने केलंत तर टोपी हलत नाही आणि पाना घसरतो. त्यानंतर इंजिनखाली भक्कम टेकू देऊन पुढचं चाक अधांतरी करा. टोपीचे शेवटचे दोन आटे राहिले की तळव्याने खाली दाबून फिरवा. खाली दाबलेली स्प्रिंग आहे, तोंड बाजूला ठेवा. नॉर्टनच्या रोडहोल्डरसारख्या काही फोर्कमध्ये टोपीचा बोल्ट डॅम्पर रॉडला जोडलेला असतो. तिथे टोपी उपटायला जाऊ नका, खालचा नट धरून ती सोडवा.

स्प्रिंग काढा, ती कोणत्या बाजूने वर होती ते लक्षात ठेवा. बॉटम केसच्या तळाशी ड्रेन स्क्रू असेल तर खाली भांडं धरून तो काढा. आधी ब्रेकच्या डिस्कवर आणि टायरवर फडकं बांधा, कारण चाक वरखाली केल्यावर तेल पिचकारीसारखं उडतं. ड्रेन स्क्रू नसेल तर पाय गाडीतून काढून उलटे करावे लागतात. काम जास्त, पण तेल नीट निघतं. खरं तर स्क्रू असला तरी पहिल्या वेळी पाय काढून उलटे करा असंच मी सांगेन. तळाशी बसलेला गाळ स्क्रूच्या भोकातून येत नाही.

मग स्वस्तातलं पातळ तेल ओतून, हलवून, पुन्हा काढून टाका. बरेच जण रॉकेल वापरतात. चालतं, पण ते थेंबन्‌थेंब निथळलं पाहिजे, नाहीतर राहिलेलं रॉकेल नवं तेल पातळ करतं. निघालेल्या तेलात चमचमणारी धातूची पूड थोडी असणारच. कण बोटाला टोचण्याइतके मोठे असतील तर बुश, म्हणजे पाइप ज्यांवर सरकतो त्या आतल्या कड्या, तपासायची वेळ आली. ड्रेन स्क्रूचा वायसर नवा घाला.

पाचवी पायरी: पातळी

इथे लोक घाई करतात, आणि इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. मॅन्युअल सीसीमध्ये माप देतं, पण आधीचं तेल किती आत राहिलं हे कुणालाच माहीत नसतं. पाइपचा आतला व्यास ३० मिलिमीटर धरा. त्यात १० मिलिमीटर उंचीला फक्त ७ सीसी तेल मावतं. म्हणजे एका पायात १५ सीसी जुनं तेल राहिलं तर दोन पायांच्या पातळीत दोन सेंटिमीटरचा फरक.

तेलाच्या वरची हवा ही दुसरी स्प्रिंग आहे. समजा फोर्क पूर्ण दाबल्यावर तेलाच्या वर १५० मिलिमीटर हवा उरते आणि हालचाल १२० मिलिमीटर आहे. उघड्या फोर्कमध्ये ढोबळमानाने २७० मिलिमीटर हवा होती, ती १५० झाली. दाब सुमारे १.८ पट. तेल ५० मिलिमीटर वाढवलं तर २२० ची १००, म्हणजे २.२ पट. १०० वाढवलं तर १७० ची ५०, थेट ३.४ पट. शेवटच्या टप्प्यात फोर्क आपटत असेल तर पातळी ५-१० मिलिमीटर वाढवणं हा तेल जाड करण्यापेक्षा चांगला उपाय आहे. पण अति केलं तर सील बाहेर फेकलं जातं. आणि तेल फार कमी असेल तर डॅम्पर हवा ओढतो, फोर्क वरच्या टप्प्यात खुळखुळतो.

माझी पद्धत अशी: मॅन्युअलच्या मापापेक्षा ५-१० सीसी जास्त तेल हळू ओता. फोर्क सावकाश आठ-दहा वेळा चालवा, पूर्ण हालचालीत सारखा विरोध लागेपर्यंत. पंधरा मिनिटं थांबा, बुडबुडे वर येऊ द्या. मग स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला आणि पाइप शक्य तितका उभा ठेवून, पाइपच्या काठापासून तेलापर्यंत मोजा. मॅन्युअलमध्ये पातळी दिली असेल तर ती. नसेल तर दोन पायांतली कमी पातळी धरा. नळी लावलेल्या सिरिंजवर त्या अंतराची खूण करा, नळी तेवढी आत सोडा आणि जास्तीचं तेल ओढून घ्या. हवा ओढायला लागली की पातळी जमली. दोन्ही पाय मिलिमीटरभराच्या फरकात आले पाहिजेत. ज्या गाड्यांची स्प्रिंग पाइपच्या बाहेर असते तिथेही दोन्ही पाय सारखे करण्यासाठी हीच युक्ती चालते.

सहावी पायरी: चालवून बघा आणि एकच गोष्ट बदला

चाकांतली हवा तपासा, नेहमीचाच रस्ता घ्या, नेहमीचाच वेग ठेवा. ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर गाडीचं तोंड उसळत राहत असेल, एकदा वर येऊन थांबत नसेल, तर तेल पातळ आहे. उलट, अशाच उंचवट्यांवर तोंड दर वेळी जरा जास्त खाली बसत गेलं आणि शेवटचे धक्के कडक लागले, तर फोर्कला उलगडायला वेळ मिळत नाहीये. तेल जाड आहे. ही दुसरी खूण फसवी असते, कारण गाडी ‘खाली बसते’ म्हणून माणूस आणखी जाड तेल घालतो. सुट्या, तीक्ष्ण कडेवर हाताला झणका बसतो तेही जाड तेलाचंच लक्षण.

उसळणं थांबेल इतकं जाड तेल घातलं की झणका सुरू होतो, झणका जाईल इतकं पातळ केलं की उसळणं सुरू होतं, असं झालं तर तुम्ही डॅम्पर रॉडच्या मर्यादेला पोचलात. तिथे इम्युलेटर नावाची छोटी झडप डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसवता येते. रॉडची खालची भोकं मोठी करावी लागतात. मग दबण्याचा विरोध झडप ठरवते आणि तेल मुख्यतः उलगडणं सांभाळतं. अस्सल अवस्थेतली गाडी जपणाऱ्यांना भोकं पाडणं पटणार नाही, आणि मलाही दुर्मीळ गाडीवर ते करवणार नाही.

बदल करायचा तर एका वेळी १०-१५ सेंटिस्टोकचा, किंवा पातळीचा, किंवा स्प्रिंगच्या स्पेसरचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. तेलाची कंपनी, सेंटिस्टोक, पातळी आणि तारीख एका वहीत लिहा. दोन वर्षांनी तेल पुन्हा बदलताना हीच वही तुमचं मॅन्युअल असेल.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर फोर्क पाइप पांढऱ्या फडक्याने पुसा आणि गाडी दहा वेळा दाबा. पाइपवर पुसट ओलसर कडं दिसलं तर ठीक, सील आपल्याला लागेल तेवढं तेल धरून आहे. थेंब तयार झाला तर सील बदला, आणि बदलताना पाइपवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवून बघा. नख अडकेल एवढा गंजाचा खड्डा असेल तर नवं सीलही महिनाभरात फाटेल.